पेन्सिलीने खोडलेली ओळ

नागरिकशास्त्राच्या बाई दरवर्षी पाचव्या धड्यातली एक ओळ मुलांना पेन्सिलीने खोडायला लावत: ‘अर्ज केल्यास सात दिवसांत उत्तर मिळते.’ “परीक्षेत लिहा, पण खरं धरू नका. पुराणातली वांगी पुराणात,” असं म्हणत. त्यांच्या स्वतःच्या अर्जांना कधी उत्तर आलं नव्हतं. यंदा एका मुलीने गल्लीतल्या बंद दिव्यासाठी पालिकेत अर्ज दिलाच. तळाशी शाळेचं नाव घालून लिहिलं, ‘उत्तर येत नाही असं बाई म्हणतात, तरी लिहिते आहे.’ सातव्या दिवशी ती पाकीट घेऊन वर्गात आली. बाईंनी उत्तर मोठ्यांदा वाचलं: “अर्ज मिळाला. नवा दिवा उद्या लागेल.” मग खाली कारकुनाने लिहिलेलं वाचलं: ‘बाईंना नमस्कार सांग. मीही त्यांच्याच वर्गात होतो. ती ओळ मी खोडली नव्हती.’ बाईंनी सगळ्यांना खोडरबर काढायला सांगितलं.