गरम माती

"मग गेली चाळीस वर्षं मी काय समुद्रात राहते?" हिरूबाय कडाडली.

मोजणीला आलेल्या शाल्मलीने तिच्यापुढे बेटाचा नकाशा धरला. ड्रोनने मातीतल्या जुन्या चुली शोधून लाल ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. भाजलेली माती दोन हजार वर्षांनीही ओळखू येते. शेवटचा ठिपका हिरूबायच्या सासूच्या चुलीचा होता. पुढे बेटावर विजेच्या शेगड्या आल्या आणि ठिपके थांबले.

"कायद्याने चूल असेल तिथेच वस्ती. चाळीस वर्षांत चूल नाही, म्हणजे वस्ती नाही," शाल्मली मान खाली घालून म्हणाली. "आज मोजणी संपली की तुम्हाला उठवून बेट नव्या बंदरासाठी देणार."

हिरूबायने अंगणात तीन दगड मांडले, सुक्या झावळ्या पेटवल्या आणि वर भाताचा टोप चढवला. "उडव आता तुझं यंत्र!"

ड्रोन घिरट्या घालून परतला. पडद्यावर अक्षरं उमटली: माती गरम. मोजणी अपूर्ण.

"उपयोग नाही, हिरूबाय. चूल थंड झाली की एका दिवसाची म्हणून यंत्र ती खोडून टाकेल."

"आणि गरम असेल तोवर?"

शाल्मलीने पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. "तोवर मोजणी संपत नाही. आणि मोजणी संपल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही."

हिरूबायने शेजारणींना हाक घातली. "लाकडं आणा गो, सगळ्या जणी! बघूया कोण विझवतंय ते."

सगळ्यांच्या आधी एक ओंडका चुलीत सरकला. तो शाल्मलीने सारला होता.