काचेवरची वाफ

मुलगा पाणबुड्या आहे यावर अण्णांचा म्हणजे माझ्या वडिलांचा विश्वासच नव्हता. मागचं स्थळ डॉक्टर म्हणून आलं आणि कंपाउंडर निघालं. आता हा गुंडो मल्लेश्वरमच्या आमच्या घरात सांगत होता, सिलोनच्या समुद्रात पाठीवर हवेची टाकी बांधून तो बुडालेल्या जहाजांपर्यंत जातो. पुराव्यादाखल त्यानं काच बसवलेला रबरी मुखवटा आणला होता. “असले दुकानात मिळतात,” थोरली अक्का कानात पुटपुटली. “शार्क दिसतात?” अण्णांनी विचारलं. “दिसतात. बहुतेक दुरूनच जातात.” अण्णांच्या भुवया चढल्या, थाप मारणाऱ्यानं निदान एखादा शार्क मारायला हवा होता. मी मुखवटा कॉफीच्या वाफेवर धरला. काच पांढरी झाली. “श्वासानं असंच होत असेल. मग जहाज दिसतं कसं?” “आधी काचेला काहीतरी चोळतो.” “काय?” त्यानं कॉफीचा घोट घेतला. “अडकला,” अक्का हसली. त्यानं मान खाली घातली. “थुंकी.”

अण्णांच्या हातातली चकली बशीत पडली. “करून दाखवा,” ते म्हणाले. तो मुखवटा घेऊन परसातल्या नळाशी गेला, आमच्याकडे पाठ करून थुंकला, काच चोळली, विसळली आणि परत येऊन कॉफीवर धरली. काच लख्ख राहिली. अक्का “शिव शिव” म्हणत आत पळाली. अण्णा अजून संशयानंच बघत होते. पण मला बघायला येऊन थुंकीची थाप कोण मारेल? “स्वल्प, जरा इकडे द्या,” मी म्हटलं आणि तो ओला, उष्टा मुखवटा सगळ्यांदेखत तोंडावर चढवला.