इमानदार केमिस्ट

गुडगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत प्रणिता तुपाचे नमुने तपासायची. एका मोठ्या डेअरीच्या 'शुद्ध गाईच्या तुपा'त क्रोमॅटोग्राफी मशीनने पामतेल पकडलं. साहेबांनी रिपोर्ट बदलायला सांगितला. ती ठाम नाही म्हणाली आणि नोकरी गेली.

तिसऱ्याच दिवशी डेअरीचे मालक स्वतः तिच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी आले. "आप जैसी ईमानदार केमिस्ट चाहिए," म्हणत त्यांनी दुप्पट पगाराची नोकरी देऊ केली. कारखान्यात प्रयोगशाळेतल्यासारखंच नवंकोरं मशीनही घेतलं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली.

पहिल्या दिवशी मालकांनी प्रणितासमोर तुपाचे वीस डबे ओळीने मांडले.


"मॅडम, हर अगले डिब्बे में पाम तेल थोडा-थोडा कम है. बस इतना बताइए, कौन-से डिब्बे से मशीन पकड नहीं पाती?"