दसऱ्याचा नारळ

दसऱ्याला परदेशात, बुकित बातोकमधल्या राहत्या ब्लॉकखाली कस्तुरीच्या नव्या सायकलची पूजा झाली आणि सासूबाईंनी आपटलेला नारळ उसळून चाकावर आदळला. कार्बनच्या रिमला तडा गेला. सायकल क्रेडिट कार्डावर घेतलेली, त्यामुळे अपघाती नुकसान बँक भरून देणार होती. दुसऱ्या दिवशी तिने बँकेला फोन लावला. “तडा कशाने गेला?” “नारळाने.” “झाडावरून पडला ना?” पलीकडच्या बाईंनीच वाट दाखवली. कस्तुरीचा नवरा उन्मेष खुणेने ‘हो म्हण’ सांगत होता. इथे असले गावठी प्रकार कशाला, म्हणून तो कालपासून आईला टोचत होता. सासूबाई मान खाली घालून त्याच नारळाच्या वड्या थापत होत्या. “नाही. माझ्या सासूबाईंनी पूजेत फोडला.” “मग तो अपघात नाही, मॅडम.” “नसू दे.” कस्तुरीने फोन ठेवला. “आई, नव्या चाकापुढेही नारळ तुम्हीच फोडा. सायकल तेवढी उन्मेष धरेल.”