सेहऱ्याचं माप

धुळ्यात वरातींना घोडी भाड्याने देणारे हबीबभाई उत्तमचंद शेटच्या दुकानात हेल्मेट बघत होते. स्वस्तातलं, पण घोडीवरून पडलं तरी डोकं शाबूत ठेवेल असं. पिशवीतला सेहरा काढून ते एकेका हेल्मेटवर बांधून बघत होते.

"हबीबभाई, हेल्मेटवर सेहरा? नवरदेव फोटोत कसा दिसेल!" शेट हसले.

"कसाही दिसू दे. त्याशिवाय आता मी कुणाला घोडीवर बसू देणार नाही."

"बरं. पण मापाला हा कशाला आणलात? पार विटलाय, लड्याही तुटल्यात."

हबीबभाईंनी सेहऱ्याची गाठ हलकेच सोडली.



"माझ्या उजैरचा आहे, शेट. फटाके वाजले, आपलीच घोडी उधळली, तेव्हा पोराच्या डोक्यावर एवढंच होतं."