शेवटचा गडी

मानोऱ्याच्या आमच्या शाळेत प्रजासत्ताक दिनी नववी आणि दहावी यांच्यात रस्सीखेच होत असे. जिंकणारा संघ शाळेच्या नावाने कारंजा गावच्या स्पर्धेत उतरत असे. त्या एका आशेवर, आईवडील ऊसतोडीला गेले तरी मी चुलतभाऊ गोविंदसिंगच्या घरी तांड्यावरच राहिलो. अंगाने थोराड म्हणून दहावीच्या संघात मी शेवटचा गडी होतो आणि दोरखंडाचे टोक माझ्या कमरेला बांधलेले होते.

नववीच्या संघात देवेंद्रकुमार होता. त्याचे वडील लखमीचंदशेठ शाळेवर नवे टिनपत्रे टाकून देणार होते आणि प्रमुख पाहुणे म्हणून मुख्याध्यापकांशेजारी बसले होते.

शिट्टी वाजली. माझ्यापुढे गोविंदसिंगसकट साऱ्यांच्या पाठी वाकलेल्या होत्या, तोंडाने आरोळ्याही चालू होत्या. पण दोरखंड त्यांच्या मुठींतून नुसता सरकत होता. सगळा ताण माझ्या एकट्याच्या कमरेवर आला आणि मी फरफटत रेषेपलीकडे गेलो.

मला उठवले ते देवेंद्रकुमारने. तो ओशाळून म्हणाला, "सरायनं सकायीच सांगतलं होतं तुमच्या पोरायले, आज हारा म्हनून. तुले नाही सांगतलं कोनी?"

मी गोविंदसिंगकडे पाहिले. माझ्या पाठीवरची माती झटकत तो शांतपणे म्हणाला,



"तुले कायले सांगाव, भाऊसिंग? एक तरी गडी खरा ओढनारा पाह्यजे होता, नाही तं शेटजीले समजलं असतं."