लिफ्टमधलं खोटं

हॅम्बर्गच्या त्या सभागृहाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत आम्ही दोघेच म्हातारे होतो. एक मी. दुसरे, ज्या अमेरिकन वेस्टर्न स्विंग, म्हणजे नाचऱ्या गावरान संगीताच्या, बँडच्या कॅसेट मी नागपुरात चाळीस वर्षं ऐकल्या, त्याचे व्हायोलिनवादक. त्यांचे एकदा आभार मानावेत, एवढंच मनात होतं.

"संगीत ऐकता का?" त्यांनीच विचारलं.

मला त्यातलं काय कळतं, पुढे काही विचारलं तर फजिती, म्हणून मी म्हणालो, "नाही. मुलाकडे आलोय."

त्यांना हायसं वाटलं. "मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. डाव्या हाताची बोटं आता वळत नाहीत. आज एकट्यानं वाजवायची माझी पाळी आली की दोन सोपे सूर वाजवीन. फरक ओळखणारा कुणी समोर नसला म्हणजे झालं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली आणि ते घाईनं निघून गेले.

वर विपुल उभा होता. "बाबा, जॅकेट टाकून पहिल्या रांगेत जागा धरलीय. इथले जर्मन धरतात ना, अगदी तशी!"

"मागे बसू या का?"

"अहो बाबा, इतकी वर्षं वाट पाहिलीत ना? चला!"

कार्यक्रम रंगात आल्यावर बँडप्रमुखानं त्यांचं नाव पुकारलं. ते पुढे आले आणि त्यांना मी दिसलो. गज हवेतच थांबला. मग कसेबसे दोन सूर उमटले.

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या आधी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवू लागलो.